टाकी, पंप, दोन नळ्या

१२ जून २०२५, गुरुवार

डॉक्टरांनी रोजची साखर लिहून ठेवायला सांगितली म्हणून ही वही घेतली. साखर एका ओळीत लिहून होते. उपाशीपोटी १९४, जेवणानंतर २७१. उरलेलं पान कोरं बघवेना. तीस वर्षं पंप दुरुस्त करतोय, काम अर्धं टाकून पाना खाली ठेवायची सवय नाही.

तर आज जळगावला जाऊन आलो. धुळ्यात या दुखण्याचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण धुळ्यात मला रिक्षावाला ओळखतो, रक्त काढणारा ओळखतो. त्याच्या सासऱ्याची विहिरीतली मोटर मीच वर काढली होती. घरी भिकुबाईला सांगितलं, पंप कंपनीची मीटिंग आहे.

दवाखान्यात बाकांवर बारा-तेरा पुरुष. शेजारच्याला विचारलं, काय त्रास? म्हणे मुतखडा. त्याच्या पलीकडचाही मुतखडा. मला विचारलं तेव्हा मीही म्हणालो, मुतखडाच. माझा कान तिखट आहे, पाइपला लावला की बेअरिंग गेलं का वाइंडिंग जळलं ते सांगतो. ही माणसं ज्या आवाजात मुतखडा म्हणत होती त्या आवाजात कुणी मुतखड्याचं बोलत नाही. खरा मुतखडावाला गावभर सांगत सुटतो.

रावेरकडचं एक जोडपं होतं, केळीवाले जीवरामदादा आणि त्यांच्या बेबाबाई. दादांनी "मुत" एवढंच म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "काय खोटं बोलता या वयात? प्रोस्टेट आहे हो यांचं, लघवी अडकते." सगळे खाली फरशीकडे बघायला लागले. मला दादांची दया आली. पण खरं सांगायचं तर पाय पसरून निवांत बसलेला तिथं तो एकटाच माणूस होता.

डॉक्टर हितेंद्र भारंबे तरुण आहेत, चाळिशीचे. नीट तपासलं, नीट सांगितलं. चौदा वर्षांच्या साखरेनं ताठरता गेली. शिवाय इंद्रियात आत एके ठिकाणी व्रण होऊन कडक गाठ झाली आहे, म्हणून ते वाकडं झालं, आणि म्हणूनच आखूड. दोन वर्षं मी गोळ्या मागवून खाल्ल्या, त्या पाण्यात गेल्या.

"मग उपाय?"

त्यांनी कागदावर चित्र काढलं. ओटीपोटात एक छोटी टाकी. अंडकोशात पंप. इंद्रियात दोन नळ्या. पंप दाबला की टाकीतलं पाणी नळ्यांत, बटण दाबलं की पाणी परत टाकीत. बाहेरून काही दिसत नाही. दोन वर्षांत या विषयात मला पहिल्यांदा हसू आलं.

"मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल असेल, साहेब."

"आहे," ते म्हणाले. "तुम्ही काय करता?"

"हेच करतो. बसवा."

पण दोन अटी. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, तिचा आकडा वेगळा मोजतात, दहाच्या वर आहे, ती आठच्या खाली आणायची. नाहीतर आत जंतू धरतात, सगळं काढावं लागतं, आणि मग जे आहे तेही आकसतं. दुसरी अट, बायकोला घेऊन यायचं. तिच्याशी बोलल्याशिवाय ते हात लावत नाहीत.

मी म्हणालो, तिचे गुडघे दुखतात.

"आणि लांबी, साहेब?"

"लांबी वाढणार नाही. गेलेली पुरती परत येणार नाही. थोडी कमीच वाटेल."

हेच मी शेतकऱ्यांना सांगतो, मोटर मोठी बसवली म्हणून बोअरला पाणी वाढत नाही. तरी प्रत्येक जण विचारतोच. मीही विचारलं, "अर्धा इंच तरी?"

१५ जून

घोटाळा होता होता वाचलो. मीटिंगचा शर्ट भिकुबाईनं धुवायला घेतला, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी आणि ते चित्र. दुकानातून धावत घरी आलो तर ती दोरीवर कपडे टाकत होती. चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, घडी घातलेली, उडू नये म्हणून वर वाटी. कोरडी ठाक. भिकुबाई सातवी शिकलेली आहे, पण कागद वाचायचा तिला कंटाळा. लाइटबिलसुद्धा माझ्याच हातात देते.

२० जून

घरात साखर बंद. चहा फिका. विचारलं तर म्हणे, "डब्बा सरना." नवा आणायचं नाव नाही. रोज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मेथी. पोळी मागितली तर म्हणे तिला गहू पचत नाही. तिच्या पोटापायी माझे हाल. पण डॉक्टरांच्या अटीला बरंच झालं, मला एका शब्दानं काही सांगावं लागलं नाही. नशीब कधीकधी असं साथ देतं.

उपाशीपोटी १६१.

९ जुलै

दोन वर्षं मी दुकानाच्या माडीवर झोपतो. शेतीची लाइट रात्री येते, तेव्हाच मोटरी बंद पडतात आणि शेतकऱ्यांचे फोन येतात. तिची झोपमोड नको. हे कारण मी स्वतःलाही इतक्या वेळा सांगितलंय की आता खरंच वाटतं.

आज भांडी घासता घासता म्हणाली, "वर गरम व्हत नही का?"

"पंखा आहे ना."

"खाले बी पंखा शे."

मी म्हणालो, पंखा काय, सगळीकडेच असतो. ती भांडी जोरात आपटायला लागली. अलीकडे पातेलं नीट ठेवत नाही ती.

बायकांचं बरं असतं. पन्नाशी उलटली की त्यांच्यापुरता हा विषय मिटतो. अडकतो आपण.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाईचा सण. मुलगा योगेंद्र आणि सून हेमांगी सुरतहून आले. घर भरलं.

रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू काढायला भिकुबाई परात घेऊन बसली. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, ही आमची जुनी रीत. "ही योगेंद्रनी," म्हणाली आणि मोजून टाकली. मग "ही तुमनी." मूठ एवढी भरली की गहू बोटांतून सांडले.

"सव्वाच मूठ असते," मी म्हणालो.

"मी मोजस ना. तुम्ही नका मोजू."

पुरुषाच्या नावाची मूठ. मला तिथं बसवेना. दुकानात येऊन एक जुनी मोटर उगाच उघडली आणि परत लावली. खूप थकवा आला. काम काहीच केलं नव्हतं.

६ ऑगस्ट

पोरं गेली. त्यांच्यासाठी म्हणून भिकुबाईनं खालच्या खोलीत नवा मोठा पलंग घेतला होता. तीन दिवसांच्या पाहुण्यांसाठी एवढा पलंग! आता रिकामा पडलाय, त्यावर नवीकोरी चादर. मी म्हणालो, चादर तरी काढून ठेव, विनाकारण मळेल.

तिनं चादर आणखी ताणून बसवली.

"लोके म्हणतस, तुमना कान भलता तिखट शे."

"आहेच," मी म्हणालो.

१९ ऑगस्ट

जळगाव. तीन महिन्यांची साखर ८.४. डॉक्टर खूश, पण अजून थांबा म्हणाले. तोवर घरी करायला एक उपकरण दिलं. काचेसारखी नळी, वर हातपंप, बाजूला गेज. हवा ओढली की रक्त आत येतं, आकसलेला भाग ताणला जातो. रोज दहा मिनिटं. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी आहे तेवढ्या लांबीच्या नळ्या तरी बसतील. गेजवर लाल रेघ आहे, ती ओलांडायची नाही.

"बायको?" त्यांनी विचारलं.

"गणपती जवळ आलेत, साहेब."

"जूनमध्ये गुडघे होते."

हा माणूस पण कानाचा तिखट दिसतो.

५ सप्टेंबर

हातपंप अगदी रद्दी. वायसर सैल, काटा धरत नाही, पडतोच. ज्यानं बनवला त्यानं आयुष्यात एक पंप उघडलेला नसावा. ग्रीस लावलं. फरक नाही. माडीवर दार लावून, अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात नळी धरून मी काट्याकडे बघत बसतो. नरडाण्याच्या एमआयडीसीत वाइंडिंगचं काम शिकलो, तिथून उठून स्वतःचं दुकान टाकलं, धुळे तालुक्यात माझ्या हाताखालून न गेलेला पंप दाखवा म्हणायचो. आणि इथं दहा मिनिटं दाब टिकत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

आडवा पडून लिहितोय.

साक्री रोडच्या एका गोठ्यातून दूध काढायच्या मशीनची व्हॅक्यूम मोटर दुरुस्तीला आली होती. काल ती तयार झाली. काय आवाज, आणि काय एकसारखा ओढा! ऐकत राहावं असं. ऐकता ऐकताच डोक्यात आलं. उपकरणाचा हातपंप काढला, त्या तोंडाला मोटरची नळी बरोबर बसली. दुकानाचा नियम आहे, दुरुस्त केलेलं यंत्र भार देऊन बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.

काटा लाल रेघेवर आला तेव्हा थांबायचं. पण मला धंदा माहीत आहे, कंपनीवाले लाल रेघ नेहमी अलीकडेच ओढतात. म्हटलं थोडं पुढं. थोडं पुढं म्हणता म्हणता काटा कुठल्या कुठं गेला. चालू मोटरवर कमी करायला गेलो तर चावी अडकलेली. ती माझ्याच हातून घट्ट झाली होती. बटणापर्यंत हात पोचायला वेळ लागला.

आता रंग वांग्याचा, आणि सूज अशी की बघवत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मोठं झालं, तेही असं.

१२ सप्टेंबर

सकाळी डॉक्टरांना फोन केला. काय झालं ते सांगितलं, कसं झालं ते सांगितलं नाही. म्हणाले, ताबडतोब या, एकटे येऊ नका.

माडीचा जिना उतरताना चौथ्या पायरीवर बसलो. खाली भिकुबाई उभी. पायात चप्पल, हातात पिशवी, दारात भाड्याची गाडी. माझं कण्हणं ऐकलं असणार.

"चला."

"कुठं?"

"जयगाव."

मी जळगावचं नाव काढलं नव्हतं. पण माझ्या मीटिंगा तिकडंच होतात, त्यावरून तिनं ताडलं असेल.

गाडी खड्ड्यात गेली की मी डोळे मिटायचो. एरंडोलला तिनं पाण्याची बाटली उघडून दिली.

डॉक्टरांनी तपासलं. आतली नस फाटलेली नाही, वरवर रक्त साकळलंय, उतरेल. मग विचारलं, "या उपकरणानं एवढं होत नाही. काय केलंत?" सांगावं लागलं. ते खुर्चीत मागं टेकले.

"पाटील, अहो, तुम्ही म्हैस आहात का?"

नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली. तिनं बाहेर जाताना दार उघडंच ठेवलं आणि डॉक्टरांनी भिकुबाईला आत बोलावलं. आता काय लपवायचं राहिलं होतं? तिला समोर बसवून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चित्र पुन्हा काढलं. टाकी, पंप, दोन नळ्या. बिचारीला सगळंच नवीन. पण मान खाली घालून नीट ऐकत होती.

"आता तुमचं सांगा," डॉक्टर तिला म्हणाले. "नको असेल तर तसं सांगा. पुष्कळ बायका नको म्हणतात, त्यात काही वावगं नाही."

मी मध्येच म्हणालो, "तिचं काही नसतं, साहेब. मी ठरवेन ते—"

"मन्हं शे," भिकुबाई म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"दोन वरीस व्हयनात, यासनी वर अंथरूण नेलं. मी आरसामा पाहू, मन्हामा काय कमी पडनं म्हणीसन. गुडघा दुखतस मन्हा, पण बाकीनी मी जित्ती शे ना? माले कोनी इचारं? यासनी इचारं नही. आज तुम्ही इचारी राह्यनात, तुमनं भलं व्हवो." तिनं पदर सारखा केला. "माले पाहिजे. बसाडी द्या ते मशीन."

मी भिंतीवरचा किडनीचा तक्ता वाचायला लागलो. डावी किडनी उजवीपेक्षा थोडी वर असते. हे मला माहीत नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात हे वाक्यही मी ऐकलं नव्हतं. बायको म्हणजे आपण मागायचं आणि तिनं नाही म्हणायचं नाही, एवढंच मला ठाऊक. तिलाही मागायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही कधी कान दिला नाही.

मग तिनं विचारलं, "यासनी तीन महिनानी साखर कितली उनी?"

"या वेळी सात पूर्णांक नऊ."

तिनं मान हलवली, पोराचा निकाल ऐकल्यावर हलवायची तशी. ही तीन महिन्यांची भानगड तिला कुठून कळली कोण जाणे. मोबाइलवर बघत असेल काहीबाही.

उठता उठता सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "साहेब, लांबीचं मात्र काही—"

"लांबीनं काय कराणं शे?" भिकुबाई म्हणाली. "आपले काय बोअर माराना शे का?"

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मी पण हसलो, आणि हसलो की दुखत होतं.

परतीच्या वाटेवर ती खिडकीला डोकं टेकून झोपली. घोरत होती. मी तेवढाच आवाज ऐकत धुळ्यापर्यंत आलो.

१३ सप्टेंबर

डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय. त्यामुळे खाली झोपलो. पलंग चांगला आहे. एवढा मोठा घेतला होता ते एका परीनं कामाला आलं.

२८ ऑक्टोबर

दिवाळी फराळाशिवाय गेली. सूज कधीच उतरली. फूटपट्टी लावून बघितलं, होतं त्याहून सूतभर कमी. माझ्या करणीनं का वयानं, डॉक्टर सांगत नाहीत. भिकुबाईनं पट्टी हातातून घेतली आणि कपाटावर टाकली, जिथं माझा हात पोचत नाही.

जिना चढायला परवानगी मिळून महिना झाला. माडीवरची गादी तिनं कापूस पिंजायला दिली, अजून आली नाही. विचारत नाही मी.

१८ नोव्हेंबर

काल झालं. दोन तास. आता सगळं दुखतं, नळी लावलेली आहे, पिशवी लटकतेय. आतल्या नळ्या अर्धवट भरलेल्या ठेवल्यात म्हणे. सहा आठवडे बोट लावायचं नाही. दुरुस्त झालेलं मशीन चालवून न बघता गिऱ्हाइकाच्या ताब्यात, आणि गिऱ्हाईक मीच.

फार थकलोय. एका जागी बसून इतकी वर्षं लोकांच्या विहिरी बोलत्या केल्या, आता वाटतं झोपावं, कुणी उठवू नये. भिकुबाई खुर्चीत बसून मेथी निवडतेय. दवाखान्यात मेथी!

२६ नोव्हेंबर

धुळे. आजारी माणसाला बघायला यायची पद्धत कुणी काढली? सकाळपासून सतरा माणसं. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत केळी. मला केळी बंद. "कशाचं ऑपरेशन, नाना?" मी तोंड उघडायच्या आत भिकुबाई सांगते, "हर्निया." ज्या आवाजात सांगते, त्या आवाजानं मीच गोंधळतो की हर्नियाच होता का काय. माझ्या चुलतभावानं कुठल्या बाजूचा विचारलं. ती म्हणाली, "मधला."

२९ डिसेंबर, सोमवार

सहा आठवडे झाले. जळगावला दोघं गेलो, बसनं. डॉक्टरांनी पंप चालवायला शिकवला.

लाज सोडून लिहितो. मला जमेना. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी सरकतं, धरलं की निसटतं. मोटरी उघडून उघडून बोटं लाकडासारखी झालीत, त्यांना पाना कळतो, हे नाही. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, काही नाही. घाम आला. डॉक्टर म्हणाले, सावकाश. मी म्हणालो, साहेब, व्हॉल उलटा बसला असेल.

"सरका," भिकुबाई म्हणाली.

तिनं नर्सकडून हातमोजा घेतला, डोळे मिटले, आणि मेथीचा देठ सापडावा तसा तिला तो एका झटक्यात सापडला. दाबलं. पुन्हा दाबलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

चाललं. सरळ झालं, कडक झालं. आखूडच, ते सांगितलंच होतं त्यांनी. मला रडू आलं, पण मी खोकल्यासारखं केलं.

"बंद कराणं बटण कथं शे?" ती डॉक्टरांना विचारत होती.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

दुकान दुपारी दोनला बंद केलं. असं मी वीस वर्षांत केलं नव्हतं. कुलूप लावताना समोरच्या टायरवाल्यानं हटकलं, तब्येत बरी ना, नाना? बरी आहे म्हणालो.

घरी भिकुबाईनं पुढचं दार लावलेलं होतं, कडी घातलेली. मागच्या दारानं आत घेतलं.

फार काही लिहिण्यासारखं नाही. अठ्ठावन्न आणि त्रेपन्न. तिच्या गुडघ्याला उशी लागली, मला मध्येच दम लागला, दोघांनी थांबून पाणी प्यायलं. पंप तिनंच चालवला. एकदा हसू आलं ते आवरेना, आधी तिला, मग मला. शरीर जुनं झालंय, ते काही नवं होत नाही. फक्त मी इतके दिवस जिच्याकडे पाठ करून बसलो होतो, ती तोंडासमोर होती.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. शेजारच्या सुमनबाई. त्यांचा आवाज तीन घरं ऐकू जातो.

"अक्का, ओ अक्का! तीळ निवडायला बसायचं ना?"

हात आपोआप धोतराकडे गेला. आता ही उठणार, पदर सावरणार, काहीतरी निमित्त सांगणार.

भिकुबाई जागची हलली नाही. तिथूनच, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"संध्याकायले या, सुमनबाई. आते आम्ही दोन्ही घरमा शेत."